लाल बावट्याचे कलापथक आणि आयरिश पंक



कामगार शाहिरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात परदेशी रॉक बँडांची नावे निघाली, तर काहींना ते अप्रस्तुत वाटेल. तरीही आज मला अशा दोन बँडांचा परिचय करून द्यायचा आहे आणि त्यांच्या वाटेने एका मराठी पथकाकडे यायचे आहे. पहिला बँड 'द पोग्ज', १९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात जमलेला. दुसरा 'ड्रॉपकिक मर्फीज', १९९६ साली अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या क्विन्सी शहरात निघालेला. दोघांनी पंक हे वेगवान, कर्कश, दोन-तीन स्वरमेळांवर कुणालाही वाजवता येईल असे संगीत घेतले आणि आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या चाली त्यात घातल्या. मराठी पथक म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली मुंबईत उभे केलेले लाल बावटा कलापथक. माझे म्हणणे थोडक्यात असे, की शहरातला कामगार गावाकडचे गाणे हाती घेतो ते गावाची आठवण जपायला घेत नाही. स्वतःच्या हालांबद्दल चारचौघांत बोलायला शहराने त्याला दुसरे साधन दिलेले नसते, म्हणून घेतो. ते साधन तो मोडतो, बदलतो, खडबडीत करतो, आणि तसे केले तरच ते चालते. हा विषय भिवंडीत मांडण्याला एक खास कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांचे माग इथे आले, पण त्या मागांभोवतीचे गाणे इथे आले नाही. ते का आले नाही, याचे उत्तर शोधताना कामगारांचे गाणे कशाच्या आधाराने जगते तेही कळते.

सुरुवात आयर्लंडपासून करू. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने तिथे महादुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांच्या आधी आणि नंतरही आयरिश मजूर इंग्लंडचे कालवे, लोहमार्ग आणि रस्ते खणत राहिले. लिव्हरपूल, न्यूयॉर्क, बॉस्टनच्या गोद्यांत ओझी वाहत राहिले. पोग्जचा गायक आणि गीतकार शेन मॅकगोवन याच मजुरांच्या पुढच्या पिढ्यांतला. त्याचा जन्म १९५७ साली इंग्लंडमध्ये झाला. बालपणाचा काही काळ त्याने आयर्लंडच्या टिपररी परगण्यात नातेवाइकांच्या घरी काढला, आणि तरुणपणी तो लंडनच्या पंक मैफलींत रमला. त्याच्या बँडमध्ये बँजो होता, अॅकॉर्डियन होते, पत्र्याची साधी बासरी होती, आणि या सगळ्यांना पळवणारा पंकचा ठेका होता. १९८५ च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये लोहमार्ग खणताना मेलेल्या मजुरांवरचे गाणे आहे. त्याच अल्बममध्ये इवन मॅककॉल यांनी सॅल्फर्ड या गिरण्यांच्या गावावर १९४९ साली रचलेले 'डर्टी ओल्ड टाउन' आहे. १९८७ च्या 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' या गाण्यात नाताळच्या आदल्या रात्री कोठडीत पडलेला स्थलांतरित आपल्या बाईची आठवण काढतो, आणि पुढे दोघे एकमेकांना शिव्या घालत भांडतात. आयर्लंडची हिरवी कुरणे या गाण्यांत फारशी नाहीत. चाल गावाची आहे, आणि गाणे लंडनच्या व न्यूयॉर्कच्या गल्लीचे.

ड्रॉपकिक मर्फीज यांचा कामगारांशी संबंध याहून उघड आहे. बॉस्टनच्या आयरिश वस्त्या गोदी कामगारांच्या, बांधकाम मजुरांच्या आणि कामगार संघटनांच्या. बँडचा म्होरक्या केन केसी या वातावरणातच वाढला. त्यांच्या गाण्यांत संघटना, संप, काम सुटणे आणि दारूपायी गेलेले मित्र हे विषय पुन्हा पुन्हा येतात. २०११ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटींचा हक्क काढून घेणारा कायदा आला, तेव्हा आंदोलकांच्या पाठिंब्यासाठी या बँडने आपले एक नवे गाणे ठरल्या वेळेआधी बाहेर काढले. तो कायदा आणणारे गव्हर्नर स्कॉट वॉकर २०१५ साली एका सभेत याच बँडच्या गाण्यावर मंचावर आले. बँडने लगेच जाहीरपणे आणि कडक शब्दांत त्यांना आपले संगीत वापरू नका म्हणून सुनावले. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाच्या संग्रहात सापडलेल्या शब्दांवर बांधलेले आहे. २०२२ साली त्यांनी गथ्रीच्या अप्रकाशित शब्दांवर अख्खा अल्बम केला. म्हणजे हा बँड आयरिश चालींबरोबर अमेरिकन श्रमिक गाण्याचा वारसाही सांगतो.

आता मुंबईच्या गिरणगावात येऊ. इथला दुष्काळ सातारा, सांगली, सोलापूरचा आणि स्थलांतर कोकणातून व घाटावरून. अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावला मातंग कुटुंबात जन्मले. दुष्काळाने रेटलेले हे कुटुंब पायी मुंबईला आले. अण्णा भाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले, पडेल ते काम केले. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही; मिळाला तो तमाशा, जो त्यांच्या नात्यागोत्यातल्या लोकांचा पोटाचा धंदा होता. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. तेही गिरणीतल्या कामातून आणि कामगार चळवळीतून आले. एक मातंग, एक मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गवाणकर अशा तिघांनी मिळून मराठी मुलखाला त्याचे सर्वांत दणकट आधुनिक लोकसंगीत दिले, ही गोष्ट आज मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्यापुढे नमुने नव्हते असे नाही. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहून हा प्रकार शूद्रातिशूद्रांच्या बाजूने वळवला होता. सत्यशोधक जलसे आणि त्यानंतरचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले होते. कलापथकाने या परंपरेत गिरणीच्या भोंग्याची भर घातली. चाळीच्या चौकात, कामगार मैदानावर, संपाच्या सभेत डफ कडाडू लागला.

या दोन परंपरांचे साम्य भावनेपेक्षा घडणीत जास्त आहे. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि सभा तापली की झील अख्ख्या मैदानाची होते. आयरिश पंकमध्येही गायकाच्या ओळीला साऱ्या बँडचा एका सुरातला आरोळीवजा जबाब असतो, आणि श्रोते त्यात सामील होतात. दोन्हीकडे आवाज टिपेचा, शब्द स्पष्ट आणि चाल चार-पाच सुरांत फिरणारी. ही चालीची गरिबी म्हणावी तर पोवाड्याला ध्वनिक्षेपकाची खात्री नसलेल्या मैदानात हजारोंपर्यंत मजकूर पोचवायचा होता, आणि पंकला दारूच्या गुत्त्यातल्या गोंगाटावर मात करायची होती. दोन्हीकडे वाद्ये स्वस्त, खांद्याला लावून नेता येतील अशी. तुणतुणे, डफ, ढोलकी आणि झांज घेऊन लोकलच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून पथक जाऊ शकत असे. पत्र्याची बासरी खिशात राहते. जो वर्ग रोज आठ-दहा तास यंत्राजवळ उभा राहतो, त्याचे गाणे रियाजाला वर्षे मागणारे असून चालत नाही. सहभागाची अट सोपी ठेवणे हे या संगीताचे कौशल्य आहे, आणि ते सोपे नसते. अमर शेखांचा आवाज ज्यांनी ऐकला त्या पिढीला साधेपणामागे किती तयारी असते हे सांगावे लागले नाही.

पण घडण उचलणे पुरेसे नसते, ती उलटी करावी लागते. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती. तिच्यात मुंबईच्या झगमगाटाचे कौतुक आहे. गावाहून आलेला माणूस डोळे विस्फारून शहर पाहतो आहे. अण्णा भाऊंनी 'मुंबईची लावणी' लिहिली तेव्हा प्रकार तोच ठेवला आणि नजर फिरवली. मलबार हिलचे इंद्रपुरीसारखे वैभव एकीकडे आणि फोरास रोडवरच्या, परळच्या माणसांचे जिणे दुसरीकडे. 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत तर त्याहून मोठी करामत आहे. पोटासाठी मुंबईला आलेला तरुण गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, इथवर ती शृंगारिक विरहगीताच्या वळणाने जाते. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, आणि बेळगाव-कारवारसारखा बाहेर राहिलेला मराठी मुलूख हीच दुरावलेली मैना होऊन बसते. विरह हा विषय लावणीत जुनाच होता, पण गिरणीमुळे पडलेली ताटातूट आणि राज्यरचनेमुळे पडलेली ताटातूट यांना एकाच गाण्यात बसवणारा कारागीर नवा होता. हेच काम मॅकगोवनने नाताळच्या गाण्याबाबत केले. त्याने सणाचे गोड गाणे घेतले आणि अमेरिकेत फसलेल्या स्वप्नाची तक्रार त्यात भरली.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या अभिमान्यांचा. लोककला अशी मोडतोड केल्याने नासते, असे ते म्हणतात. पोग्जवर आयर्लंडमधल्या जुन्या वळणाच्या वादकांनी हाच आरोप केला होता. अण्णा भाऊंनी तमाशातल्या गणाला गणेशवंदनेऐवजी मायभूमीच्या आणि शिवाजी महाराजांच्या वंदनेकडे नेले आणि गौळण गाळली, तेव्हा तमाशाचा गाभाच गेला असे कुणाला वाटले असेल तर नवल नाही. पण पुरावा काय सांगतो? १९८७ साली 'द डब्लिनर्स' या आयरिश लोकसंगीतातल्या ज्येष्ठ मंडळींनी याच पोग्जबरोबर 'द आयरिश रोव्हर' गायले, आणि ज्या तरुणांनी कधी लोकगीत ऐकले नसते ते त्या वाटेने मूळ गाण्यांकडे गेले. आपल्याकडे तमाशाला लोकनाट्य म्हणून नवी प्रतिष्ठा मिळाली त्यात कलापथकाच्या प्रयोगांचा वाटा मोठा आहे. आणि मुळात तमाशा कधी स्थिर होता? पेशवाईतल्या शाहिरांपासून पठ्ठे बापूरावांपर्यंत तो बदलतच आला. बदलाला नकार देणारी लोककला सरकारी महोत्सवात आणि ध्वनिमुद्रणांच्या कपाटात सुरक्षित राहते, पण तिथे तिला विचारणारा कामगार नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कलापथक हे कम्युनिस्ट चळवळीचे अंग होते, तेव्हा त्याचे गाणे हा प्रचारच, कला कसली? या आक्षेपाचे वजन भिवंडीला जितके माहीत आहे तितके क्वचितच दुसऱ्या गावाला असेल. १९४९ साली याच गावात अखिल भारतीय प्रगतिशील लेखकांची परिषद भरली. तिने इतकी ताठर भूमिका घेणारा जाहीरनामा मंजूर केला, की पक्षाच्या चौकटीत न बसणारे अनेक चांगले लेखक दुरावले आणि चळवळ लंगडी झाली. अण्णा भाऊंच्या साहित्यातही ही चौकट दिसते. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा त्या काळच्या सोव्हिएत भक्तीतून आला. फॅसिझमविरोधी झुंजीचा तो दस्तऐवज आहे, पण स्टालिनच्या राजवटीबद्दल आज जे ठाऊक आहे ते डोळ्यांआड करून तो वाचता येत नाही. मात्र या कबुलीतून आक्षेप सिद्ध होत नाही, उलट एक कसोटी हाती येते. शाहिराने स्वतः सोसलेले, पाहिलेले, चाळीत ऐकलेले जिथे गायले, तिथे पक्ष मागे पडला आणि गाणे राहिले. 'मुंबईची लावणी' आणि 'माझी मैना' आजही म्हटल्या जातात, म्हणणाऱ्यांत कम्युनिस्ट किती हे कुणी मोजत नाही. शिवाय ज्या गाण्यात नुसता प्रचार असतो त्याची सत्तेला भीती वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. १९८८ साली ब्रिटनच्या प्रसारण नियामकांनी पोग्जचे 'बर्मिंगहॅम सिक्स' या खटल्यावरचे गाणे वाजवण्यास मनाई केली. त्या गाण्यात निर्दोष म्हटलेले सहा आयरिश कैदी १९९१ साली न्यायालयाने मुक्त केले.

तिसरा आक्षेप असा, की अशी गाणी शेवटी बाजाराची किंवा सत्तेची होतात. हे खरे आहे. ड्रॉपकिक मर्फीजचे ते गाजलेले गाणे २००६ सालच्या 'द डिपार्टेड' या हॉलिवूडपटात वाजले आणि आज बेसबॉलच्या मैदानांवर जोश आणायला वाजते. पोग्जचे नाताळगीत इंग्लंडच्या दुकानांत दर डिसेंबरला ऐकू येते. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिरीचे तेच झाले. १९६० नंतर तिच्यातला मराठी अभिमान राज्याने उचलला, आणि तिच्यातला गिरणी कामगार बाजूला राहिला. ज्या शाहिरांनी ते राज्य गाऊन जवळ आणले त्यांच्यातले अण्णा भाऊ १९६९ च्या जुलैमध्ये गरिबीत गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमर शेख गेले. पण गाण्याची मालकी गेली म्हणजे गाण्याची पद्धत संपत नाही. पद्धत पुढच्या हातांत जाते. पुढे शाहीर विलास घोगरे आणि संभाजी भगत यांनी, आणि २००२ नंतर पुण्याच्या कबीर कला मंचाने, तीच पद्धत चालवली. वॉकर यांना त्या बँडने जे सुनावले त्यातही हाच हक्क होता: गाणे जिथे हवे तिथे वाजेल, पण ते कुणाच्या बाजूचे आहे हे आम्ही सांगत राहू.

आता भिवंडी. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटला नाही. मुंबईचे कापड आधीच यंत्रमागांकडे सरकत होते, ते त्यानंतर वेगाने इथे आले. गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग या गावात पुन्हा चालू झाले. मग त्यांच्यामागून शाहिरी का आली नाही? माझ्या मते उत्तर उद्योगाच्या रचनेत आहे. गिरणगावात साठेक गिरण्या काही चौरस किलोमीटरमध्ये दाटलेल्या होत्या. एका फाटकातून हजारो माणसे एका वेळी बाहेर पडत, म्हणून फाटकावर सभा होई. त्याच चाळीत, त्याच खानावळीत, एका गावच्या मंडळींच्या एका खोलीत ती राहत, म्हणून सभेतले गाणे रात्री घरी पोचे. भिवंडीत कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधले काही डझन माग. बारा बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर ठरलेली मजुरी, मालक बदलता येईल पण संघटना उभी राहणार नाही अशी विखुरलेली मांडणी. धोट्याच्या खटखटाटात शेजारच्या मागावरच्या माणसाशीही खुणेने बोलावे लागते. गाण्याला लागणारी गर्दी आहे, पण ती एकत्र येण्याची जागा आणि वेळ नाही. कामगारांचे गाणे उपाशीपोटी जगते, एकटेपणात जगत नाही.

इथे हमखास एक उत्तर दिले जाते: भिवंडीचा मागवाला मराठी नाही, मग पोवाडा कुणासाठी? उत्तर प्रदेशातला अन्सारी विणकर, बिहारचा मजूर, पद्मानगरमधला तेलुगू पद्मशाली यांना झीलकऱ्यांशी काय घेणे? या प्रश्नाला पोग्ज फार चांगले उत्तर देतात. ते आयरिश भाषेत गायले नाहीत. ज्या भाषेच्या राज्याने त्यांच्या पूर्वजांना देशोधडीला लावले, त्या इंग्रजीतच गायले. सोबत नेली ती चाल आणि ताटातुटीचे दुःख. तसे पाहिले तर या गावात ताटातुटीच्या गाण्याची कमतरता नाही. कमावायला परमुलखात गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी भोजपुरी बाई भिखारी ठाकूर यांच्या 'बिदेसिया' नाटकात आहे, आणि ती अण्णा भाऊंच्या मैनेची सख्खी बहीण शोभते. पूर्वांचलातला बिरहा रात्रभर दोन पथकांच्या सवाल-जवाबात रंगतो, जसा आपला कलगी-तुऱ्याचा झगडा. उर्दू मुशायऱ्याची परंपरा इथे जुनी आहे. आजूबाजूच्या आगरी गावांची स्वतःची गाणी आहेत. कच्चा माल एकाच गावात चार भाषांत पडून आहे, आणि प्रत्येक भाषा तो आपल्याच मोहल्ल्यात गाते. या वेगळेपणाची किंमत भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगलींत मोजली आहे. नंतर मोहल्ला समित्यांनी जो सलोखा साधला तो पोलीस चौकीवर एकत्र बसण्यातून साधला. एका फडावर एकत्र गाण्याचा प्रयोग अजून व्हायचा आहे. मातंग साठे आणि मुसलमान शेख यांचे पथक ज्यांना मान्य होते, त्या परंपरेच्या वारसांना हे अशक्य वाटू नये.

तेव्हा या व्याख्यानमालेकडे आणि गावातल्या संस्थांकडे माझी मागणी साधी आहे. शाहिरांच्या जयंत्यांना त्यांचीच जुनी गाणी पुन्हा म्हणून घेण्यावर थांबू नका. वर्षातून एक रात्र मागवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा, आणि सभागृहाऐवजी ते जेवतात त्या खानावळींजवळच्या मोकळ्या जागेत ठेवा. त्या फडावर पोवाडा, बिरहा, उर्दू नज्म आणि तेलुगू गाणे एकामागून एक होऊ द्या, आणि एकाच अटीवर: गाणे भिवंडीतल्या आजच्या कामावर असावे. मजुरीच्या दरावर, मंदीत बंद पडलेल्या मागांवर, गोदामात कामाला गेलेल्या पोरांवर, गावी राहिलेल्या बायकांवर. पहिली दोन-तीन वर्षे ते कच्चे होईल, बेसूर होईल. पोग्जही पहिल्यांदा तसेच वाटले होते. अण्णा भाऊ आणि अमर शेख यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांच्या पद्धतीने नवे पथक उभे राहणे, आणि ते उभे करायला आज महाराष्ट्रात भिवंडीइतके योग्य गाव दुसरे नाही.